एकट्याचं धरायचं नाही

माझ्या आत्याने आयुष्यात जितके रानटी प्राणी पाहिले तितके भल्याभल्या शिकाऱ्यांनीही पाहिले नसतील, आणि ते सगळे खुर्चीत बसून. त्या खुर्चीचं एक चाक केव्हाच निघालं होतं, त्यामुळे आत्या उजवीकडे किंचित कलून बसायची. पुढे पुढे ती घरीही तशीच बसायला लागली. आई म्हणायची, "वन्सं, आता सरळ बसा, ही खुर्ची धड आहे." आत्या सरळ व्हायची आणि वरणाचं पातेलं येईपर्यंत पुन्हा कललेली असायची.

तिचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली हातोडे पडायचे, वर कोल्हे मोजले जायचे. काम सांगायला सोपं होतं. गावाबाहेरच्या रानात झाडांना गुडघाभर उंचीवर छोटे कॅमेरे बांधून ठेवलेले असत. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेरा आपला आपण फोटो काढणार. मग कॅमेऱ्यांतली कार्डं आत्याच्या टेबलावर यायची, आणि एकेक फोटो डोळ्यांखालून घालून आत्या सांगायची, हा कोण. त्यावरून कुठला प्राणी कुठे उरलाय आणि कुठून नाहीसा झालाय, ते वर कळवायचं.

हे ऐकून लोकांना वाटायचं, काय मजेची नोकरी आहे. त्यांना गवताची कल्पना नसायची. रानात सगळ्यांत हौशी कोण असेल तर गवत. उन्हाने तापलं आणि वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याला तेही जनावर वाटतं. ढिगाने गवत बघावं तेव्हा एक कान दिसायचा, तोही सशाचा. त्या एका कानावर आत्याचा दिवस चांगला जायचा. संध्याकाळी ती फोटोतल्या प्राण्यांविषयी असं बोलायची, की नवखा माणूस म्हणेल ही सासरच्या मंडळींविषयी बोलतेय. रानडुकरं सहकुटुंब येतात, कोणाला विचारत नाहीत, सगळं उकरून ठेवून जातात. त्या लंगड्या कोल्ह्याची तब्येत उतरलीय. साळिंदर भलतंच फुगलंय, बहुतेक कोणाच्या तरी शेतात शिरलंय.

त्या ऑफिसात प्राणी 'दिसत' नसे, 'येत' असे. फोटोत असला तर आला. बाकी तुम्ही त्याला पाहिलंत, त्याने तुम्हाला पाहिलं, तुम्ही दोघांनी घाबरून पळ काढलात, तरी तो आला नाही. बाबा रोज चपला काढता काढता विचारायचे, "काय गं, आज कोण आलं?" शेजाऱ्यांचा बरीच वर्षं समज होता की आमच्याकडे पाहुण्यांचा फार राबता आहे.

हळूहळू येणारे बदलले. कोल्हे आधी सारखे यायचे, मग अधूनमधून, मग दूरच्या नातेवाइकांसारखे वर्षातून एकदा तोंड दाखवायला. त्यांच्या जागी कुत्री आली, मग शेळ्या, मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग माणसं. माणसं कॅमेरा सापडला की त्यात तोंड घालून हसायची. काही जण कॅमेरा न दिसल्यामुळे झाडाकडे वेगळ्याच कामासाठी यायचे आणि आत्या चष्मा काढून पुसत बसायची. तिची नोकरी सुरू झाली तेव्हा माणसांसाठी एक छोटा कप्पा होता. तो फुगत फुगत सगळ्यांत मोठा झाला. सशाचा कप्पा मात्र तिला उघडावाही लागत नसे.

पण सगळ्यांत जास्त फोटो ज्याचे आले तो प्राणी म्हणजे ऑफिसचा ड्रायव्हर. कॅमेरा बांधला की तो नीट चालतोय का हे बघायला कोणीतरी समोरून चार पायांवर रांगत जावं लागतं. हे काम पहिल्या दिवसापासून ड्रायव्हरकाकांकडे आलं, कारण साहेबांना मान होता, आत्याला गुडघे होते आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या माणसाला पोट होतं. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला काका रांगताना दिसत. जुन्या फोटोंत ते वाघाचा आव आणून पंजा वगैरे उगारत. नंतरनंतर नुसते येत, मध्येच थांबत, आणि झाडाला धरून उठत.

ह्या काकांना सगळे 'खवले' म्हणत. ते नाव आत्याने पाडलं होतं.

त्याचं असं झालं. आत्या नवी होती तेव्हा ऑफिसात पाहिलेलंही लिहायची पद्धत होती. कोणीही यावं, सांगावं, की ते धरलं जायचं. रखवालदाराला जेवण झालं की बिबट्या दिसायचा. एका तपासनिसाला तर सुट्टीच्या दिवशीही दिसायचा. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तर बिबटे सशांपेक्षा जास्त भरले. आत्याने साहेबांपुढे कागद ठेवला आणि विचारलं, हे खातात काय, एकमेकांना? साहेब हसले आणि म्हणाले, मग काय करायचं ते तुम्हीच सांगा. तेव्हा आत्याने नियम घालून दिला, की फोटोत आलं तर आलं. नुसतं पाहिलेलं असेल तर निदान दोघांनी एकदम पाहिलेलं हवं. एकट्याचं धरायचं नाही. नियम चांगला होता. बिबटे एका दिवसात माणसात आले.

पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हरकाका धावत वर आले. रिकामी जीप घेऊन येताना वळणावर खवल्या मांजर रस्ता ओलांडताना दिसलं होतं. त्या भागात ते कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. काकांनी गाडी थांबवून, इंजिन बंद करून, ते पार झुडपात शिरेपर्यंत पाहिलं. कसं चालतं, पुढचे पंजे कसे दुमडतं, ते टेबलांच्या मधल्या जागेत चालूनही दाखवलं. आत्याने विचारलं, बरोबर कोण होतं? कोणी नव्हतं. मग आत्या म्हणाली, काका, तुमच्या डोळ्यांत कार्ड आहे का? असेल तर काढून द्या. सगळं ऑफिस हसलं. काकाही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते खवले झाले. इतके झाले, की पगाराला त्यांचं खरं नाव पुकारलं की तेच इकडेतिकडे बघत.

इतकी वर्षं गेली, पण ते खवल्या मांजर कुठल्याही फोटोत आलं नाही. आत्या म्हणायची, असतं तर आलं असतं.

आमच्या घरामागून एक ओढा जातो. आत्या ऑफिसला रोज त्याच्या काठाने चालत जायची. लहान असताना बाबांनी आणि तिने तिथे पाणमांजरं पाहिली होती. एक नर, मादी आणि पिल्लं, दगडावर ओळीने. मग ती दिसेनाशी झाली. तरी आत्या जाता-येता पाण्याकडे बघत जायची, जशी एखादी बाई बंद झालेल्या दुकानाकडे बघत जाते. आणि मग त्या काठावरून मोठा रस्ता न्यायचं ठरलं. ओढ्याला काँक्रीटचा काठ, वर रस्ता. अट एकच होती. ओढ्यात पाणमांजर उरलंय असं दिसलं तर रस्ता वळसा घेऊन माळावरून जाणार. त्याची पाहणी कोणी करायची? आत्याच्या ऑफिसने.

आत्याच्या आयुष्यात ऑफिस आणि घर पहिल्यांदाच एका जागी आलं. ती स्वतः कॅमेरे बांधायला गेली. ज्या सपाट दगडावर पिल्लं बसायची त्याच्यासमोर एक खुंट रोवून घेतला. काका नेहमीप्रमाणे रांगले. कॅमेऱ्याने त्यांचा सुरेख फोटो काढला. घरी येऊन आत्याने बाबांना सांगितलं, दादा, तिथून आता मुंगी गेली तरी सुटायची नाही.

पाहणीचे महिने सरत आले. येत होतं ते गवत, कुत्री आणि कपडे धुणारी माणसं. आत्या चिडचिडी झाली. आईने विचारलं, भात वाढू का, तर म्हणाली, आधी येऊ तर दे. आईने वाढायचा डाव तसाच हातात धरून बाबांकडे पाहिलं.

मग एका सकाळी ती छत्री उघडून काठाने चालली होती. सपाट दगडाजवळ पाणी फुगल्यासारखं झालं आणि त्यातून पाणमांजर वर आलं. तोंडात मासा. दगडावर चढलं, अंग झटकलं, मासा दोन हातांत धरून डोक्याकडून खायला लागलं. आत्या दहा पावलांवर उभी. आणि तिने काय केलं असेल? तिने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. खुंट जागेवर होता, कॅमेऱ्याचं तोंड बरोबर दगडाकडे होतं. तिचा जीव भांड्यात पडला. मोबाइल पर्समध्ये होता, पण तिने पर्स उघडलीही नाही. "कॅमेरा काढतोय की, आपण कशाला काढायचा," असं तिला वाटलं. ती नुसती उभी राहून बघत राहिली. मासा संपला, पाणमांजराने हात पुसल्यासारखे केले आणि ते पाण्यात गेलं. आत्या ऑफिसात पोचली तेव्हा छत्री तशीच उघडी होती, ती जिन्यात अडकली.

तिने कोणाला सांगितलं नाही. आल्याशिवाय सांगायचं नाही, ही तिचीच शिस्त. काकांना म्हणाली, ओढ्यावरचं कार्ड आजच आणायचंय. गाडी काढली, कार्ड आणलं, आत्याने ते लावलं. काका मागे उभे राहिले. बाईंना इतकी घाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

काका रांगताना. गवत. कुत्रं. गवत. छत्री घेतलेली एक बाई, कडेला अर्धीच आलेली. आणि पुन्हा गवत.

दगड होता. दगडावर कोणी नव्हतं. आत्याने तो भाग पुन्हा पुन्हा पुढेमागे केला. शेवटी तिने तोंड उघडलं आणि काकांना सगळं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग बाई, आलं की नुसतं दिसलं?"

बोलण्यासारखं ते सगळं पूर्वी आत्याच बोलून बसली होती.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने जेवणाचा डबा खाता खाता उलगडा केला. कॅमेऱ्याला लागते ऊब. आणि पाणमांजराच्या अंगावर केसांची अशी दाट दुलई असते, की आतली ऊब बाहेर येत नाही. पाण्यातून नुकतं निघालेलं असलं की बाहेरून ते पाण्याइतकंच गार. कॅमेऱ्याच्या लेखी एका दगडावर दुसरा दगड येऊन बसला. छत्री घेऊन निघालेली बाई ऊबदार, म्हणून ती आली, पण तोवर दगड रिकामा झाला होता. आत्याने विचारलं, मग तपासलं तेव्हा कसा चालला? तो म्हणाला, तुम्ही काकांना कोरडं रांगवलंत ना. रानात चालतं ते. ओढ्यावर त्यांना आधी बुचकळून काढायला हवं होतं.

सगळे हसले. काकाही हसले, पण ह्या वेळी आत्याकडे बघत.

पाहणीची मुदत संपत होती. नवी तपासणी करायला वेळ नव्हता. आत्या रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तिथे 'दिसलं' हा शब्द वापरला. साहेब भले होते. त्यांना हा रस्ता आवडत नव्हता आणि आत्या खोटं बोलणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणाले, बाई, तुम्ही सांगताय म्हणजे माझ्यासाठी ते झालंच. पण रस्तेवाले नियम काढून दाखवतील. तुमचाच आहे. बरोबर कोणी होतं का? एवढं सांगा, मी आत्ता लिहितो.

काका गाडीच्या किल्ल्या द्यायला दारात आलेले होते. ते म्हणाले, "मी होतो, साहेब. बाईंना सोडायला चाललो होतो. दोघांनीही पाहिलं."

आत्या मला हे सांगताना इथे नेहमी थांबते. ती म्हणते, काकांनी ते इतकं सरळ सांगितलं, की क्षणभर तिलाही वाटलं, ते होते बहुतेक. काकांनी पुढे मासाही सांगितला, डोक्याकडून खाल्ला तोही. तिनेच त्यांना सांगितलेलं होतं ते सगळं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उघडलं. आत्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तिला तसं कठीण नव्हतं. फोटोत काही आलं नाही, की घरी ती दिवसदिवस गप्प असे.

"काका नव्हते, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "हे मला ऐकू यायला नको होतं, बाई. आता दोघांपैकी कोणाचंच लिहिता येत नाही."

जिन्यात काकांनी आत्याला गाठलं. खाली टायरवाल्यांचे हातोडे चालू होते, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते जे बोलले ते दुकानातल्या पोरांनीही ऐकलं.

"माझं खरं होतं, ते तुम्ही धरलं नाहीत. आज तुमच्यासाठी खोटं बोललो, तर तेही चार माणसांत उघडं पाडलंत. मी करायचं तरी काय होतं, बाई?"

आत्या म्हणाली, "खोट्यावर उभं राहिलं असतं ते, काका."

"रस्ता कशावर उभा राहणार आहे?" काका म्हणाले आणि उतरून गेले.

घरी बाबा तर खवळलेच. आमच्या घरात भांडणं फार क्वचित होत. बाबांना आवाज चढवता येत नाही, तो मध्येच फाटतो आणि समोरच्याला हसू येतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. ते म्हणत होते, तुला खोटं बोल असं कोणी सांगितलं होतं का? नुसतं गप्प बसायचं होतंस. ती पिल्लं आपण दोघांनी पाहिली होती, एकट्या तू नाही. आत्या म्हणाली, "दादा, मी गप्प बसले असते तर उद्या मी सांगितलेलं कोण धरणार होतं?"

"आज कोणी धरलं?" बाबा म्हणाले.

आई ताटं उचलून आत घेऊन गेली. तिने आत्याला सरळ बसायला सांगितलं नाही.

अहवाल गेला. त्यात पाणमांजरापुढे 'आलं नाही' असं लिहिलं होतं. तसा शब्द वरच्यांना चालत नाही, तिथे अनुपस्थित वगैरे काहीतरी घालतात. पण ती ओळ आत्यानेच टाइप केली. वरून ऑफिसचं कौतुक आलं, इतकी काटेकोर पाहणी दुसऱ्या कुठल्या ऑफिसने केली नाही म्हणून. साहेबांनी ते वाचून दाखवलं नाही, नुसतं आत्याच्या टेबलावर ठेवलं. आत्याने ते वाचलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

मग तिने डोक्यात एकच घेतलं. रस्ता व्हायचा तो होऊ दे, पण पुढच्या पाहणीत ओढ्यावर पुन्हा कॅमेरा लावू. ह्या वेळी दर काही मिनिटांनी आपोआप फोटो काढायला लावू, ऊब असो नसो. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यालाही ते पटलं. काँक्रीट पडलं तरी एखादं कुठेतरी तग धरून असेल आणि फोटोत आलं तर निदान कडेची झाडं वाचतील. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी नकाशा काढला. पाणमांजर आहे असा भाग निळा, नाही तो पांढरा. आपला ओढा पांढरा झाला होता. साहेब अवघडून म्हणाले की कॅमेरे मोजकेच आहेत, ते निळ्या भागात द्यायचे असं वरूनच ठरलंय. जिथे नाहीच, तिथे लावून काय उपयोग, असं विचारतात.

आत्या म्हणाली, बरोबर आहे. आणि ते बरोबरच होतं. तीही हेच म्हणाली असती.

ओढ्यावरचे कॅमेरे सोडवून आणायला ती आणि काका गेले. जिन्यातल्या त्या दिवसापासून काका तिच्याशी कामापुरतंच बोलत. "बाई, दार नीट लावा." "बाई, उतरा." काठावर खडीचे ढीग पडले होते, मोजणीच्या खुणा म्हणून दगडांना चुना फासला होता. सपाट दगडालाही. आत्या खुंटाशी बसून कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत होती. पट्टा ओल्याने घट्ट बसला होता, नखं लावूनही निघेना. एरवी काकांनी येऊन ओढला असता. ते तिच्या मागे पाण्याकडे तोंड करून उभे होते.

थोड्या वेळाने तिला जाणवलं की ते हलत नाहीत. पिशवीही खाली ठेवलेली नाही. तिने मान वळवली. काका ओढ्याच्या पलीकडच्या काठाकडे बघत होते, मान थोडी पुढे, तोंड अर्धं उघडं. तिने त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. तिथे फक्त पाणी होतं आणि त्यावर एक वर्तुळ मोठं होत चाललं होतं.

"काय होतं, काका?"

"काही नाही."

त्यांनी पुढे होऊन पट्टा एका झटक्यात सोडवला, कॅमेरा पिशवीत टाकला आणि जीपकडे चालू लागले. ती त्यांच्यामागून खडीतून अडखळत गेली. गाडीत बसल्यावर तिने पुन्हा विचारलं. काकांनी आरसा नीट केला. मग किल्ली फिरवता फिरवता म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय आता?"

आणि गाडी रस्त्याला लागली.